मार्व्हलचे सिनेमे बघून झाले, आता कॉमिक्स: सुरुवात कुठून, आणि पावसात ठेवायची कशी?

मलप्रभा_काठ (खानापूर):
'एंडगेम'पर्यंतचे सगळे सिनेमे बघून झालेत, आता मूळ कॉमिक्स वाचायची आहेत. नावं ओळखीची म्हणून 'सिव्हिल वॉर', 'इन्फिनिटी गॉन्टलेट' आणि 'एज ऑफ अल्ट्रॉन' ही तीन पुस्तकं मागवायचा विचार आहे. हा क्रम बरोबर आहे का? 'अमेझिंग स्पायडर-मॅन'चा 'अंक १' शोधला की पाच-सहा वेगवेगळे अंक येतात, त्यातला खरा कुठला? आणि आमच्याकडचा पाऊस माहीतच आहे, कौलारू घरात ही पुस्तकं टिकतील कशी? घरात मराठी इंद्रजालचे जुने अंकही आहेत. जाणकारांनी सांगा की ओ.

टिळकवाडी_टॉकीज:
'एज ऑफ अल्ट्रॉन' आधी यादीतून खोडा. २०१३ ची ही दहा अंकांची मालिका आणि २०१५ चा सिनेमा यांच्यात नाव सोडलं तर फारसं काही जुळत नाही. कॉमिकमध्ये जग आधीच अल्ट्रॉनच्या ताब्यात गेलेलं असतं आणि तो जन्मालाच येऊ नये म्हणून वुल्व्हरिन भूतकाळात जाऊन हँक पिम या शास्त्रज्ञाला मारतो. सिनेमात अल्ट्रॉन टोनीच्या हातून घडतो. कॉमिक्समध्ये तो १९६८ पासून पिमचंच अपत्य.

'इन्फिनिटी गॉन्टलेट' (१९९१, सहा अंक) जरूर घ्या, पण थेट तिथून सुरू करू नका. थॅनोस एकेक रत्न मिळवत जातो हा सिनेमातला भाग 'थॅनोस क्वेस्ट' या १९९० च्या दोन अंकांत आहे. 'गॉन्टलेट' उघडतं तेव्हा सगळी रत्नं त्याच्या हातात असतात आणि चुटकी पहिल्याच अंकात वाजते. म्हणून आधी 'क्वेस्ट', मग 'गॉन्टलेट'. दोन्हींचं लेखन जिम स्टारलिनच्याच हातचं, त्यामुळे सांधा दिसत नाही. चित्रं मात्र चौथ्या अंकात मध्येच जॉर्ज पेरेझकडून रॉन लिमकडे जातात आणि तो फरक डोळ्यांना जाणवतो.

इथला थॅनोस साक्षात मृत्यूच्या प्रेमात पडलेला आहे, आणि इथं मृत्यू ही बाई आहे. तिला खूश करायला तो अर्धं विश्व संपवतो, आणि ती त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. मला हाच जास्त पटतो. सिनेमातला थॅनोस लोकसंख्या आणि साधनसामग्रीचा हिशेब मांडतो, खरं ज्याच्या हातात सर्वशक्ती आहे त्याला साधनं दुप्पट करायचं सुचत नाही? वेड्या प्रेमिकाला असले प्रश्न विचारता येत नाहीत. आणखी एक: कॉमिकमध्ये लढाईची सूत्रं अ‍ॅडम वॉरलॉक या अंतराळातल्या नायकाकडे आहेत, अ‍ॅव्हेंजर्स बऱ्याच अंशी मार खायला आहेत. तयारीनं बसा.

'सिव्हिल वॉर' (२००६-०७, सात अंक, लेखक मार्क मिलर, चित्रं स्टीव्ह मॅकनिव्हन) इथे उलट मत. सिनेमा सरस. कॉमिकमध्ये स्टॅमफर्डच्या स्फोटात शाळकरी पोरं मरतात आणि सुपरहिरोंच्या नोंदणीचा कायदा येतो. सिनेमात करार निमित्तापुरता, खरं भांडण बकीवरून आणि टोनीच्या आईबापांवरून. त्यामुळे दोन्ही बाजू समजतात. कॉमिकमधला टोनी पुढेपुढे खलनायकच वाटायला लागतो. नुसते सात अंक वाचलेत तर पीटर बाजू का बदलतो तेही घाईत उरकल्यासारखं वाटेल, म्हणून सोबत 'अमेझिंग स्पायडर-मॅन'चे ५३२ ते ५३८ वाचा.

निपाणीकर_०७:
टॉकीजअण्णा, बाकी मान्य, खरं नवख्या वाचकाला असले महामेळावे देऊच नयेत. पन्नास पात्रं, प्रत्येकाचा मागचा इतिहास वेगळा. आधी अशी गोष्ट द्या जी एका पुस्तकात सुरू होऊन तिथेच संपते. 'बॅटमॅन: इयर वन' घ्या. मूळ मालिकेचे ४०४ ते ४०७, १९८७ चे फक्त चार अंक, आधीचं काहीही वाचावं लागत नाही. त्यात बॅटमॅनइतकाच पोलीस अधिकारी गॉर्डन महत्त्वाचा आहे. त्यानंतर 'लाँग हॅलोवीन'चे तेरा अंक.

मार्व्हलच हवं असेल तर २००५ पासूनची एड ब्रुबेकरची 'कॅप्टन अमेरिका'. विंटर सोल्जरची मूळ गोष्ट अंक १ ते ९ आणि ११ ते १४. दहावा अंक दुसऱ्याच कथानकाला जोडलेला, तो नसला तरी अडत नाही.

'वॉचमेन' शेवटी ठेवा. पानावर नऊ चौकटींची शिस्त आहे आणि पाचव्या अंकात पहिलं पान शेवटच्या पानाचं प्रतिबिंब आहे, दुसरं उपांत्य पानाचं, असं मधल्या जोडपानापर्यंत. पान मागे उलटून ताडून बघता येतं तेव्हाच ही करामत कळते. सिनेमात चौकटी हुबेहूब उचलल्या, शेवट बदलला, आणि हे मात्र राहून गेलं.

अंक १ चं कोडं: 'अमेझिंग स्पायडर-मॅन' १९६३ मध्ये सुरू झालं, नंतर १९९९, २०१४, २०१५, २०१८, २०२२ असं पुन्हा पुन्हा एकपासून मोजलं. नवा १ दिसला की दुकानात खप वाढतो, एवढंच त्याचं कारण. म्हणून नुसता अंक शोधू नका. मालिकेचं नाव, सुरू झाल्याचं साल आणि लेखक, तिन्ही टाका. एकत्रित पुस्तक घेताना मागच्या कव्हरवर किंवा हक्कांच्या पानावर आत कुठले अंक आहेत ते छापलेलं असतं, ते ताडून मगच पैसे भरा. एकाच नावाची पातळ आणि जाड आवृत्ती असते आणि गडबड तिथेच होते.

शहापूरचा_वेताळ:
वाचायचं वरच्यांनी सांगितलं, ठेवायचं मी सांगतो.

हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. तुमच्याकडे पावसाळाभर ती त्याच्या पुढेच. म्हणून उघडं शेल्फ नको. रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा घ्या आणि तळाच्या त्रिकोणातला प्लॅस्टिकच्या प्रकाराचा आकडा बघा: ५ असेल तर चालेल, ३ असेल तर ते पीव्हीसी, त्याचा चिकटपणा शाईला लागतो. पिशव्यांनाही हाच नियम. आत छोटा आर्द्रतामापक ठेवा, आकडा ४५ ते ५५ मध्ये हवा. सिलिका जेल नारिंगी रंगाचं घ्या, हिरवं पडलं की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवलं की पुन्हा कामाला येतं. उघड्या कपाटात ते टाकणं म्हणजे पैसे वाया.

लोकांचं चुकतं ते इथं: जुलैत डबा भरतात आणि ओल आतच कोंडतात. भरायचं काम फेब्रुवारी-मार्चमध्ये, कोरड्या हवेत. डबा पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका, जमिनीवरही नको. अंक उभे आणि सरळ, तिरके कलले की कण्याला बाक येतो.

इंद्रजाल वेगळं प्रकरण. मार्च १९६४ ते १९९० चा हा कागद मुळातच हलका, पिवळा पडणारच. प्रत्येक अंकामागे आम्लरहित पुठ्ठा घाला. गंजलेल्या पिना ओढू नका. आतल्या बाजूनं पाय पातळ पात्यानं उचला, पिन बाहेरून काढा आणि त्याच भोकांतून सुती दोरा घाला. सेलोटेप आणि लॅमिनेशन नकोच. आठ-दहा अंक एकत्र बांधून कडा कापणंही नको, वेताळाच्या (म्हणजे फँटमच्या) चौकटीच कापल्या जातात.

आणि ते अंक 'जुनं' म्हणून बाजूला ठेवू नका हो. वेताळ १९३६ चा, सुपरमॅनच्या दोन वर्षं आधीचा. मुखवटा आणि अंगाला चिकटलेला पोशाख त्यानं आधी घातला. त्याचा देश इंद्रजालमध्ये डेंकाली झाला, कारण मूळ नाव बंगालसारखं ऐकू यायचं.

मलप्रभा_काठ:
उपकार झाले. 'इयर वन' आणि ब्रुबेकर मागवतो, मग थॅनोस. इंद्रजालमध्ये कसर दिसते, डांबरगोळ्या टाकू का?

शहापूरचा_वेताळ:
नको, त्या वाफेनं प्लॅस्टिक खराब होतं आणि वास कागदातून जात नाही. अंक दोन झिप पिशव्यांत हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. एका दाराच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात तेवढी थंडी होत नाही, आईस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीजर बघा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर गार कागदावर पाणी धरेल.