आनुवंशिक, जनुकीय की जन्मजात?

भाषांतरवाली: रेट सिंड्रोम या मेंदूच्या वाढीच्या दुर्मीळ आजारावरची पालकांसाठीची माहितीपत्रिका मराठीत करतेय. ‘जेनेटिक’ दिसलं की हात आपोआप ‘आनुवंशिक’ टाइप करतो. बरोबर आहे ना?

अनुस्वार: आधी ‘अनुवांशिक’ न लिहिल्याबद्दल आभार! अनुषंग–आनुषंगिक, तसं अनुवंश–आनुवंशिक. पहिलं अक्षर दीर्घ होतं, ‘व’ला हात लावायचा नाही. पण इथे शब्दच बदला. आनुवंशिक म्हणजे वंशातून चालत आलेलं. रेट बहुधा तसा येत नाही. ‘जनुकीय’ लिहा.

भाषांतरवाली: पण जनुकं आईबापांचीच ना?

जुना विद्यार्थी: जनुक त्यांचं, बिघाड त्यांचा नाही. तो बहुधा बीज तयार होतानाच नव्याने होतो, तोही बहुतांशी वडिलांच्या बीजात. वडिलांचं एक्स गुणसूत्र फक्त मुलीला मिळतं. हा आजार जवळजवळ मुलींमध्येच दिसतो त्यामागचं हे एक कारण. क्वचित आई वाहक असते, म्हणजे बिघाड तिच्यात असतो पण त्रास फारसा दिसत नाही, तेवढं नोंदवा.

हा फरक नुसता कोशातला नाही. ह्यूस्टनच्या बेलर मेडिकल कॉलेजमधल्या डॉ. हुदा झोग्बींनी रेटची पहिली मुलगी 1983 मध्ये तपासली. रेटमागचं एमईसीपी2 हे जनुक त्यांच्या गटाला सापडलं 1999 मध्ये. जनुक हुडकायची तेव्हाची वाट घराण्यातून जायची: आजारी कोण, धडधाकट कोण, कुणाकडे गुणसूत्राचा कुठला तुकडा. इथे एकाच घरात दोन रुग्ण असणं दुर्मीळ, मग ताडून बघणार काय? आजार आनुवंशिक असता तर जनुक लवकर सापडलं असतं.

आणि पत्रिकेत ‘आनुवंशिक’ छापलंत की घरात पहिलं वाक्य येणार, “आमच्याकडे कुणाला नाही, तुझ्या माहेरचंच.”

भाषांतरवाली: मग सरळ ‘जन्मजात’?

अनुस्वार: बदल जन्मापासूनचा, पण लक्षणं साधारण 6 ते 18 महिन्यांत दिसू लागतात. कालपर्यंत वाटी धरणारी पोर ती सोडते, हात धुतल्यासारखे चोळत बसते, आलेले शब्द जातात. तिची आई म्हणेल, जन्मली तेव्हा तर छान होती.

भाषांतरवाली: मूळ पत्रिकेत अशा नव्या बिघाडाला ‘डी नोव्हो’ म्हटलंय, त्याला ‘नवोद्भूत’?

जुना विद्यार्थी: नको हो. ‘नव्याने झालेला बदल’ पुरे.

भाषांतरवाली: वाक्य असं केलं: ‘हा आजार जनुकीय आहे, पण बहुतेक वेळा आनुवंशिक नसतो.’

अनुस्वार: चालेल. फक्त ‘आजार’ म्हणावं की ‘विकार’...

जुना विद्यार्थी: त्याला वेगळा धागा काढा!