आपल्याकडच्या उन्हाळ्यात रिसायकल्ड कापडाचं स्ट्रीटवेअर चालतं का?

तापीकाठ
नमस्कार मंडळी. जळगावात इंजिनिअरिंगला आहे. ओव्हरसाइज टी-शर्ट आणि कार्गो (मोठ्या बाहेरच्या खिशांची पँट) घ्यायचाय, पण दोन महिन्यांत चुरगळून टाकायचे कपडे आता घ्यावेसे वाटत नाहीत. एक टी-शर्ट आवडलाय. 'बाटल्यांपासून, १०० टक्के रिसायकल्ड पॉलिस्टर' लिहिलंय. दिसायला झकास. मे महिन्यात अंगावर सहन होईल का?

अमळनेरची_शिलाई
भाऊ, मे महिन्यात नको. बाटल्यांचा चुरा वितळवून काढलेला धागा शेवटी पॉलिस्टरच. घाम शोषत नाही, पाठीला चिकटतो. पारा ४४ च्या पुढे गेल्यावर दुपारी एकला स्टँडवर उभं राहून बघा. शिवाय धुताना त्याचे बारीक तंतू पाण्यात जातात. हिवाळ्यातल्या जॅकेटला ठीक आहे.

रिसायकल्ड कॉटन बघा. कापडाच्या कतरणी आणि जुने कपडे पिंजून पुन्हा सूत काढतात. पानिपत, तिरुपूरला हे काम मोठं चालतं. पिंजताना तंतू आखूड होतो, म्हणून मजबुतीसाठी बहुतेक वेळा नवा कापूस किंवा पॉलिस्टर मिसळावं लागतं. तेव्हा लेबलावरची टक्केवारी वाचा. जीआरएसची (ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड, म्हणजे रिसायकल्ड मालाच्या प्रमाणपत्राची) खूण कपड्यावर लावायला निम्मा तरी माल रिसायकल्ड असावा लागतो. शंका आली तर आतल्या शिवणीतला धागा काढून जाळा: कापूस कागदासारखा जळून भुरभुरीत राख होते, पॉलिस्टर वितळून कडक मणी बनतो.

आता मनातलं सांगते. आमच्या घरी कपाशी आहे. बायांनी उन्हात बोंडांतून वेचलेला कापूस चार धुण्यांत फेकला जातो, तेव्हा जीव तुटतो. म्हणून माझा आग्रह एकच, घरातली जुनी जीन्स आधी बाहेर काढा. ती गुडघ्यावर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला विरते, पण पोटऱ्यांचं मागचं कापड नव्यासारखं टणक असतं. तिथूनच कार्गोचे मोठे खिसे बेतायचे. दोन जीन्स मिसळायच्या असतील तर दोन्ही आधी धुऊन वाळवा, नाहीतर एक आटली की शिवण ओढली जाते. उभा धागा खाली-वर सरळ ठेवा, आडवं बेतलं तर खिसा लोंबतो. सुई १६ नंबरची, जाड धागा आणि कडेला डबल टीप. ती टीप उठून दिसली पाहिजे, कार्गोची ऐट त्यातच आहे.

केळीचा_बाग
ताईंशी सहमत. मी रावेरचा. आपल्याकडं केळीच्या धाग्याचे टी-शर्ट येणार अशी चर्चा ऐकू येते, म्हणून सांगतो. केळीचा एक खांब एकदाच घड देतो, मग तोडावाच लागतो. त्याची सोपटं (खोडाचे थर) यंत्रात घालून धागा निघतो. मजबूत असतो, पण राठ. पिशव्या, दोर, चटया मस्त होतात. अंगाला लागायचं कापड करायला तो बराच मऊ करून कापसात मिसळावा लागतो. 'शंभर टक्के केळी' म्हणून कुणी मऊ टी-शर्ट विकत असेल तर दोनदा विचारा. जळगाव केळीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, उद्या सोपटाला भाव आला तर आम्हाला आनंदच आहे.

तापीकाठ
ताई, दादा, खूप आभार. तो टी-शर्ट कार्टमधून काढला. काकांच्या दोन जीन्स माळ्यावर आहेत, एक निळी, एक काळी. निळ्या कार्गोला काळे खिसे चांगले दिसतील का? आणि काळ्याचा रंग उतरेल का?

अमळनेरची_शिलाई
छान दिसतील, धागा मात्र पिवळसर घ्या. रंगासाठी काळी जीन्स ओली करून पांढऱ्या फडक्यावर घासा. डाग पडला तर ती वेगळी दोन-तीनदा धुवा, मग बेता. खिसा खोल ठेवा, मोबाइल वाकल्यावर बाहेर पडता कामा नये. झाकणाला बटणापेक्षा वेल्क्रो सोपं, शिकाऊ हाताला काज जमायला वेळ लागतो. कंबर मोठी असली तर मागच्या मधल्या शिवणीतून घ्या, बाजूच्या शिवणीला हात लावू नका. तिथून घेतलं की मूळचे खिसे मागे सरकतात.