मदत हवी आहे : बेन्सन यांनी आणलेली आफ्रिकन गोगलगाय महाराष्ट्रात केव्हा पोहोचली?

ईस्ट इंडिया कंपनीचे बंगालमधील मुलकी अधिकारी विल्यम हेन्री बेन्सन (१८०३–१८७०) यांच्यावर मी लेख लिहीत आहे. कचेरीचे काम सांभाळून त्यांनी भारतातील जमिनीवरच्या व गोड्या पाण्यातील गोगलगायींच्या अनेक नव्या जातींची वर्णने प्रसिद्ध केली, आणि त्यांचा शंखसंग्रह पुढे केंब्रिज विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात गेला. इथवरची माहिती जुळली आहे. अडचण आहे ती त्यांनी मॉरिशसहून आणलेल्या आणि १८४७ मध्ये कलकत्त्याच्या चौरंगी भागातील एका बागेत सोडल्या गेलेल्या आफ्रिकन गोगलगायींची. (एवढ्या जाणकार अभ्यासकाने त्या आणाव्यात, याचे नवलच वाटते.) लातूर, बीड, धाराशिवकडे सोयाबीनची कोवळी रोपे फस्त करणारी शंखी गोगलगाय ती हीच.

किडींवरील इंग्रजी लेख आणि कृषी विस्ताराची माहितीपत्रके मी पाहिली; त्यांत कलकत्त्याचा उल्लेख येतो आणि लगेच अलीकडच्या उपद्रवाचे वर्णन सुरू होते, मधला प्रवास कुठेच सापडत नाही. नियंत्रणाचे उपाय मला नको आहेत. केवळ आठवणींवरही विसंबता येणार नाही, कारण स्थानिक जातींशी गल्लत सहज होते. वर्ष व ठिकाण दिलेली छापील नोंद किंवा चिठ्ठी लावलेला संग्रहालयातील शंख हवा. मुंबई-पुण्यातील ग्रंथालयांत जाऊन तपासणे मला शक्य आहे.

मुंबई व कोकण धरून महाराष्ट्रातील या गोगलगायीची सर्वांत जुनी नोंद कोणत्या नियतकालिकात किंवा संग्रहात मिळू शकेल?