वालेन्सियाचा 'लास फायास' उत्सव: वयस्क आई आणि लहान मुलगा बरोबर असताना जावे का?

गंगापूर रोड

नमस्कार.

माझी धाकटी बहीण दोन वर्षांपासून नोकरीनिमित्त स्पेनमधील वालेन्सिया शहरात राहते. येत्या मार्चमध्ये मी, माझे यजमान, नऊ वर्षांचा मुलगा आणि एकाहत्तर वर्षांची आई अशा आम्ही चौघांनी तिच्याकडे जावे आणि तेथील 'लास फायास' हा उत्सव पाहावा, असा तिचा आग्रह आहे. चौकाचौकांत दोन-तीन मजली पुतळे उभे करतात, रोज दुपारी फटाके वाजवतात आणि १९ मार्चच्या रात्री सगळे पुतळे जाळून टाकतात, एवढे तिच्याकडून कळले आहे. तिच्या उत्साहाबद्दल शंका नाही, परंतु ती अठ्ठावीस वर्षांची आहे आणि पहाटे चारपर्यंतच्या जागरणाचे तिला काहीच वाटत नाही.

अडचण आईची आहे. तिला डाव्या कानात श्रवणयंत्र आहे आणि दिवाळीत गल्लीत लवंगी माळ लागली तरी ती आतल्या खोलीत जाऊन बसते. मुलाचे याच्या अगदी उलट आहे. आमच्या नाशिकच्या गांधीनगरमधील रावणदहनाला तो पहिल्या रांगेचा हट्ट धरतो आणि घरी आल्यावर रावण फारच लवकर जळाला म्हणून रुसून बसतो. आई म्हणते, "इतक्या लांब नेऊन मला घरातच बसवणार असाल तर इथेच राहू द्या, मी आपली रामकुंडावर जाऊन येईन."

दुसरा पर्याय सप्टेंबरमध्ये बार्सिलोनाला जाण्याचा आहे. तेथे 'कोरेफोक' नावाच्या प्रकारात सैतानाचा वेष घेतलेले लोक ठिणग्या उडवत रस्त्यातून धावतात आणि प्रेक्षकही त्यांच्याबरोबर धावतात म्हणे. यजमानांना सप्टेंबरमध्ये रजा मिळणे सोपे असल्यामुळे त्यांचा कल तिकडे आहे. या दोहोंपैकी काय निवडावे, आणि मार्चमध्ये गेल्यास आईला काय दाखवावे व कशापासून दूर ठेवावे, हे प्रत्यक्ष पाहिलेल्या कोणी सांगितले तर फार उपकार होतील.

तांबट लेन

ताई, नमस्कार. कामानिमित्त मी काही वर्षे वालेन्सियात होतो आणि २०२२ व २०२३ असे दोन फायास सुरुवातीपासून राखेपर्यंत पाहिले आहेत. माझे मत आधीच सांगून टाकतो: मार्चमध्येच जा आणि आईंना घेऊन जा. फायासमध्ये आग आपल्या जागी असते आणि तिच्यापासून किती अंतरावर उभे राहायचे हे तुमच्या हातात असते. कोरेफोकमध्ये आगच तुमच्यापर्यंत चालत येते. सगळा फरक एवढ्यात आहे.

आईंसाठी खरा प्रश्न 'मास्क्लेता'चा आहे. १ मार्चपासून १९ मार्चपर्यंत रोज दुपारी दोन वाजता नगरपालिकेसमोरच्या चौकात ही आतषबाजी होते, आणि भर उन्हात होत असल्यामुळे डोळ्यांना धुराखेरीज फारसे काही दिसत नाही. लोक येतात ते ऐकायला. जाळीच्या कुंपणाच्या आत डोक्याच्या उंचीवर दोऱ्या ताणलेल्या असतात आणि मिरच्या वाळत घालाव्यात तशा कागदी सुरनळ्या त्यांना ओळीने टांगलेल्या असतात. त्या वर्षाची उत्सवराणी, जिला 'फायेरा मायोर' म्हणतात, ती सज्जातून आतषबाजीच्या कारागिराला उद्देशून "आपण मास्क्लेता सुरू करू शकता" असे तेथील बोलीत म्हणते आणि पुढची पाच-सात मिनिटे शेजारच्या माणसाशी बोलता येत नाही. आपल्याकडे ढोलपथकाच्या अगदी समोर उभे राहिल्यावर छातीत जे घुमते, ते येथे पायांतून वर चढते. आधी ठेका असतो, मग लय वाढत जाते आणि अखेरीस जमिनीवरचे व आकाशातले सारे बार एकदम उडतात; त्या शेवटाला ते 'तेर्रात्रेमोल', म्हणजे भूकंप, म्हणतात. जुने लोक कानांवर हात ठेवत नाहीत, ते तोंड किंचित उघडे ठेवतात. हे मी पहिल्या दिवशी हसून सोडून दिले होते आणि संध्याकाळपर्यंत कान वाजत राहिल्यावर दुसऱ्या दिवशी निमूटपणे पाळले.

आवाज १२० डेसिबलच्या आसपास जातो, म्हणून आईंना त्या चौकात मुळीच नेऊ नका. श्रवणयंत्राचे काय करायचे ते कानाच्या डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारून घ्या. रेल्वे स्थानकाच्या पलीकडच्या गल्ल्यांमध्येही तो ठेका स्पष्ट ऐकू येतो आणि तेथे एखाद्या उपाहारगृहाच्या बाहेर बसून तो सुखाने ऐकता येतो. मुलाला मात्र चौकाच्या कडेला एकदा तरी न्या, कानांना हेडफोनसारखे संरक्षक लावून. कामाच्या दिवशी न्या. शनिवार-रविवारी बारा वाजताच चौक भरतो आणि जवळची मेट्रो स्थानके त्या वेळेपुरती बंद ठेवतात.

आता जाळण्याविषयी. शहरात साडेतीनशेहून अधिक मंडळे आहेत, त्यांना आपली गणेश मंडळेच समजा. वर्गणी, कार्यालय, रुसवेफुगवे, सगळे तसेच. प्रत्येक मंडळ एक मोठा आणि एक लहान मुलांचा असे दोन 'फाया', म्हणजे जाळायचे पुतळ्यांचे देखावे, उभारते. १९ तारखेला संत जोसेफ यांचा दिवस असतो आणि ते सुतारांचे संत. हिवाळ्यात दिवे टांगण्यासाठी वापरलेला लाकडी खांब वसंत ऋतू आल्यावर सुतार जाळून टाकत, त्याला पुढे जुने कपडे चढले, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांची चेष्टा आली, अशी या प्रथेची कथा सांगितली जाते. चेष्टा आजही चालू आहे. आपण होळीला बोंब मारून जे बोलून घेतो, ते तेथे पुतळ्यांतून आणि त्यांच्याखालच्या पाट्यांतून बोलले जाते. मंत्री, महापौर, क्रीडासंघांचे मालक, कोणीच सुटत नाही. पाट्या वालेन्सियन भाषेत असतात, तेव्हा बहिणीला अर्थ सांगायला बरोबर ठेवा, नाहीतर अर्धी गंमत हुकेल.

मी राहत होतो त्या रुसाफा भागातला आमच्या खिडकीखालचा फाया दुमजली उंचीचा होता. दहाची वेळ ठरलेली होती, पण अग्निशमन दलाचा बंब आल्याशिवाय कोणालाही काडी लावता येत नाही आणि बंब एका चौकातून दुसऱ्या चौकात फिरत असतात. आमच्याकडे साडेअकरा वाजले. जवानांनी आधी समोरच्या घरांच्या भिंती, लाकडी झडपा आणि कोपऱ्यावरचे संत्र्याचे झाड पाण्याने भिजवून काढले. कारागिराने पुतळ्यांच्या पोटाला भोके पाडली, आत इंधन ओतले आणि फटाक्यांची माळ गळ्यापर्यंत नेऊन बांधली. मंडळाच्या राणीने, ती जेमतेम वीस वर्षांची असेल, वात पेटवली आणि लगेच ती आईच्या खांद्यावर डोके ठेवून रडू लागली. माळ तडतडत वर गेली, काही क्षण नुसता काळा धूर आला आणि मग आग अशी फुलली की पुढच्या रांगेतले लोक एकमेकांचे पाय तुडवत मागे सरले. पोरे बंबवाल्यांना "पाणी, पाणी" म्हणून ओरडत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी कामाला निघालो तेव्हा त्या जागी एक ओला काळा डाग तेवढा होता आणि त्याच्यावरून गाड्या जात होत्या.

आई आणि मुलगा या दोघांसाठी माझी सूचना अशी की १९ तारखेला लहान मुलांचे फाया रात्री आठच्या सुमारास जाळतात, तेच पाहा. उंची कमी, गर्दी कमी, आणि मुलांना पुढे उभे राहू देतात. त्यानंतर आईंना घरी पोहोचवून यजमान व मुलगा यांनी दहाचा एखादा मोठा फाया पाहावा. वेळापत्रकात नगरपालिकेसमोरचा फाया सर्वांत शेवटी, अकराच्या सुमारास असतो. तेथे मुलाला नेऊ नका, कारण त्याला माणसांच्या पाठींशिवाय काही दिसणार नाही.

भगूर

वरील सर्व मजकुराशी मी सहमत आहे. फक्त कोरेफोकबद्दल थोडे लिहितो, कारण यजमानांचा कल तिकडे आहे असे दिसते.

बार्सिलोनात २४ सप्टेंबरच्या आसपास 'ला मेर्से' हा शहराचा उत्सव असतो आणि १९७९ पासून त्यात कोरेफोक होतो. सैतानांच्या हातांत दांडे असतात, दांड्यांच्या टोकांना गरगर फिरत ठिणग्या फेकणारे बाण लावलेले असतात आणि मागे ढोलांचा ताफा असतो. त्या ठिणग्यांखाली वाकून, नाचत पुढे जायचे ही त्यातली मजा. आपल्याकडे रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, धप्पा मारणारे आणि काठावरून पाहणारे असे दोन तट पडतात, तसेच तेथेही पडतात, मात्र तेथे काठावरही ठिणग्या येतात. अंगभर सुती कपडे, टोपी, गळ्याभोवती रुमाल, बंद बूट आणि चष्मा हवा. नायलॉन किंवा पॉलिस्टरचे काहीही चालणार नाही, कारण ते वितळून कातडीला चिकटते. पूर्वी लोक सज्जांतून पाणी ओतायला सांगत. आता तसे करू नये अशी स्पष्ट सूचना असते, कारण भिजलेली फटाक्यांची दारू कशी पेटेल याचा नेम राहत नाही. लहान मुलांचा वेगळा, सौम्य कोरेफोक त्याच संध्याकाळी आधी होतो आणि तो तुमच्या मुलाला आवडेल. आईंसाठी मात्र त्यात काहीही नाही.

बेर्गा या गावची 'पातुम' ही आगीची जत्रा कोणी सुचवली तर तिला तर सरळ नकार द्या. कॉर्पस क्रिस्ती या ख्रिस्ती सणाला चौकातले दिवे मालवून, हिरव्या वेलींनी मढवलेले कितीतरी सैतान एकाच वेळी पेटतात आणि खच्चून भरलेली गर्दी त्यांच्याभोवती एकाच दिशेने फिरत राहते. मी पाहिली आहे. एका ठिकाणी उभे राहायचे म्हटले तरी तेथे राहता येत नाही.

गोदाकाठ

कौतुक वाचले. एक गोष्ट मात्र कोणीच लिहिली नाही. हे पुतळे बहुतांशी थर्माकोलसारख्या पदार्थाचे असतात आणि एकाच रात्री शहरभर ते जाळले जातात. आपण येथे गोदावरीत प्लास्टरच्या मूर्ती जाऊ नयेत म्हणून दर वर्षी घसा कोरडा करायचा आणि तेथे जाऊन त्या काळ्या धुराचे छायाचित्र काढून आणायचे, हे मला पटत नाही. ज्यांना दमा आहे त्यांनी तर त्या रात्री शहरात थांबूच नये.

तांबट लेन

आपला आक्षेप योग्य आहे आणि तो तेथेही घेतला जातो. पूर्वी लाकूड, कापड, मेण आणि कागदाचा लगदा वापरत. थर्माकोल आल्यावर आकार वाढले, वजन घटले आणि धूर काळा झाला. आता काही कारागीर पातळ लाकडी पट्ट्या वाकवून आकार घडवण्याच्या जुन्या पद्धतीकडे वळले आहेत, आणि असा फाया जळताना धुराचा रंग वेगळा असतो हे उघड्या डोळ्यांना दिसते. तरी अजून ते थोडेच आहेत. वाऱ्याची दिशा पाहून उभे राहणे आणि तोंडाला मास्क लावणे एवढेच पाहुण्याच्या हातात आहे.

ज्यांना जाळणे पाहायचेच नाही त्यांच्यासाठी मोन्तेओलिवेते भागात फायांचे संग्रहालय आहे. १९३४ पासून दर वर्षी लोकांच्या मतांनी एका पुतळ्याला आगीतून अभय मिळते आणि तो तेथे ठेवला जातो. आईंना ते नक्की दाखवा. पूर्वी एका वर्षी वाचलेली मेणाची आजी आणि तिच्या पलीकडे अलीकडची गुळगुळीत, रंगीबेरंगी पात्रे, असा सगळा बदल एका फेरीत दिसतो.

येवला

ताई, आपल्या आईंना खरे काय आवडेल ते अद्याप कोणी सांगितले नाही, म्हणून लिहिते. १७ आणि १८ मार्चला दुपारपासून रात्री उशिरापर्यंत 'ओफ्रेंदा' चालते. प्रत्येक मंडळ वाजतगाजत येते, स्त्रिया फुलांचे गुच्छ घेऊन मेरीमातेच्या चौकात जातात आणि सुमारे पंधरा मीटर उंच लाकडी सांगाड्यावर चढलेली माणसे खालून फेकलेले गुच्छ झेलून ओळीने खोचत जातात, इतके की दुसऱ्या रात्रीपर्यंत मातेचा सबंध शेला फुलांचा होतो. तेथे फटाके नाहीत. बऱ्याच जणी चौकात पाऊल टाकताच रडू लागतात. आपल्याकडे पालखी दारात आल्यावर होते तसेच.

त्या स्त्रियांचे घागरे पाहण्यासारखे असतात. उत्तम घागऱ्याचे रेशीम अजूनही हातमागावर विणले जाते, आणि त्यातली फुले लहान लहान धोट्यांनी, दिवसाला काही सेंटिमीटर या गतीने भरली जातात. आमच्या घरात माग आहे, त्यामुळे मी माणसे सोडून पदरच पाहत उभी राहिले. एका आजींनी ते ओळखले, हात धरून मला घागऱ्याची उलटी बाजू दाखवली आणि मी त्यांना मोबाइलवर पैठणीची. आम्हा दोघींना एकमेकींचा एकही शब्द कळत नव्हता. दुसऱ्या दिवशी १४८२ साली बांधायला घेतलेला तेथील जुना रेशीमबाजार, 'ला लोन्हा', जरूर पाहा.

खाण्याची काळजी नको. कोपऱ्याकोपऱ्यावर लाल भोपळ्याचे गोल वडे तळत असतात, चव आपल्या घारग्यांच्या जवळची आणि मध्ये भोक. सोबत दाट गरम चॉकलेट. आई अंडे खात नसतील तर पिठात काय घातले आहे ते आधी विचारावे. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. सत्तरीनंतर त्याचा हप्ता वाढतो, तेव्हा तो आधी विचारून ठेवा.

गंगापूर रोड

सर्वांचे मनापासून आभार. मार्च निश्चित केला आहे. १४ तारखेला पोहोचून २१ला परतायचे, बहिणीच्या भागात पहाटेपर्यंत गाणी चालतात म्हणून आईसाठी नदीपलीकडे शांत भागात खोली घ्यायची, आणि मास्क्लेता तिला दुरूनच ऐकवायची, असे ठरले. हा सर्व मजकूर तिला वाचून दाखवला. फटाक्यांविषयी तिने एक अक्षर काढले नाही. ओफ्रेंदाला पैठणी नेसली तर चालेल का, एवढेच विचारायला सांगितले आहे.

येवला

अवश्य नेसू द्या. १९ तारखेला मात्र सुती साडी, आणि वर जुनी शाल. त्या दिवशी काजळी सगळ्यांच्या अंगावर येते.