मदत हवी आहे: ब्राझीलच्या ओरो प्रेतो भागात होस्ट कुटुंबासोबत फिरायचंय

नमस्कार मंडळी,

स्टुडंट एक्स्चेंजवर आले आहे, बेलो होरिझोन्तेला एका कुटुंबात राहते. जुलैच्या सुट्टीत घरचे सगळे मला मिनास जेराईस राज्यातली, सोन्याच्या खाणींच्या काळातली पोर्तुगीज गावं दाखवणार आहेत. गाडी त्यांची, दिवस चारेक, आणि "काय बघायचं ते तूच ठरव" असं होस्ट आईने सांगून टाकलंय.

डोक्यात आहे ते असं: आधी कोंगोन्यास, मग तिरादेन्तेस, परतताना ओरो प्रेतो आणि मारियाना. दियामान्तिना उत्तरेला, अगदीच उलट दिशेला, म्हणून यावेळी सोडलंय. कोंगोन्यासच्या चर्चपुढचे बायबलमधल्या बारा संदेष्ट्यांचे पुतळे मात्र बघायचेच. अलेजादिन्यो या शिल्पकाराने ते शंखजिऱ्याच्या दगडात कोरले. आजाराने हात निकामी होत आले तरी हत्यारं हाताला बांधून तो काम करायचा, असं सांगतात. त्याची आई गुलाम होती.

खरी अडचण इथेच आहे. ओरो प्रेतोतलं सोन्याने मढवलेलं पिलारचं चर्च होस्ट बाबांचं फार लाडकं. तिथला एकेक देवदूत ते हातवारे करून सांगतात. मलाही ते बघायचंय, पण ज्यांनी ते सोनं खाणीतून काढलं त्या आफ्रिकन गुलामांच्या खुणाही तेवढ्याच बघायच्या आहेत: कृष्णवर्णीयांच्या बंधुसंघांची (चर्चशी जोडलेल्या धार्मिक मंडळांची) रोझारियो आणि सांता एफिजेनिया ही चर्चेस, दंतकथेतल्या शिको रेई या गुलाम झालेल्या आफ्रिकन राजाच्या नावाची खाण. पोर्तुगालच्या करांविरुद्धचा १७८९ चा कट, १७९२ मध्ये त्या कटातल्या तिरादेन्तेस या माणसाला (गावाला त्याचंच नाव आहे) झालेली फाशी, हे घरात अभिमानाने निघतं. गुलामगिरी १८८८ पर्यंत चालली, तो विषय कधी निघतच नाही. माझं पोर्तुगीज अजून मोडकंतोडकं, त्यात मी पाहुणी. त्यांना न टोचता हे कसं सुचवू? इथे राहिलेल्यांनी कृपया मोकळेपणाने सांगा.

शिवाय आजीही येणार आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. ओरो प्रेतोचे दगडी चढ भयंकर आहेत म्हणे. सांता एफिजेनिया तर टेकडीवरच. दारापर्यंत गाडी जाते का? खाणीत त्यांना न्यावं की वर कुठे बसवावं? चर्चेस बंद असतात म्हणून सोमवार टाळलाच आहे.

तिरादेन्तेसहून साओ जोआओ देल-रेईला जाणारी १८८१ ची वाफेची गाडीही आजींसाठी धरली आहे. तिकीट आधी काढून ठेवावं लागतं का?