ड्युओडेनममधील (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील) फुगलेल्या शिरांचा रक्तस्राव: ग्लू देऊन थांबावे का?

पोटविकारतज्ज्ञ (धागाकर्ता):
सिरोसिसमध्ये (यकृत निबर होण्याच्या आजारात) अन्ननलिका व जठर सोडून इतरत्र फुगलेल्या शिरांचा वाटा शिरांच्या एकूण रक्तस्रावात फार तर ५ टक्के असतो, त्यामुळे प्रत्येकाचा अनुभव तुटपुंजा असतो. तरीही माझे मत ठाम आहे. या शिरांतील दाब उतरवणारे टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड व प्रतिजैविक सुरू करावे, हिमोग्लोबिन ७ ते ८ च्या आसपास राहील इतपतच रक्त चढवावे आणि एंडोस्कोपीत ती शीर दिसताच तिच्यात ग्लू (शीर बुजवणारे चिकट द्रव्य) द्यावा. आतड्याची भिंत पातळ असल्याने शिरेला रबरी बँड बांधणे मी टाळतो. रक्तस्राव थांबला, तर रुग्णाला लगेच पुढच्या प्रक्रियेत ढकलू नये.

इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट:
डॉक्टर, आपल्या शेवटच्या वाक्याशी मी असहमत आहे. दुर्बिणीतून दिसतो तो त्या शिरेचा केवळ आतला भाग. तिला रक्त पुरवणारी आणि तिच्यातून रक्त वाहून नेणारी शीर कॉन्ट्रास्ट सीटीशिवाय कळत नाही. पुरवठा तसाच राहिला, तर पुन्हा रक्तस्राव होण्याची भीती कायम राहते, आणि प्रवाह मोठा असेल तर ग्लू फुप्फुसापर्यंतही जाऊ शकतो. केवळ टिप्स (आतड्यांतून यकृताकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेतील दाब उतरवण्यासाठी यकृतातून नळीने वाट काढणे) करणेही पुरेसे ठरत नाही, कारण पोर्टल शीर व यकृतातून बाहेर पडणारी शीर यांच्या दाबातील फरक पाऱ्याच्या १२ मिमीच्या खाली आणल्यावरही या शिरांतून रक्त येऊ शकते. टिप्सनंतरही प्रवाह उपमार्गांकडेच वळत असेल, तर त्या शिरा एम्बोलायझेशनने (आतून अडथळा घालून) बंद करण्याचा पर्याय पोर्टल दाबाच्या विकारावरील तज्ज्ञांच्या बाव्हेनो ७ या सहमतीतही मांडलेला आहे.

पोटविकारतज्ज्ञ:
सीटीला माझा विरोध नाही. परंतु बिलिरुबिन (काविळीचे द्रव्य) चढलेल्या, भ्रमाकडे झुकलेल्या रुग्णात टिप्स यकृताला आणखी खाली नेऊ शकते. रक्त वाहून नेणारी शीर फुग्याने बंद करणाऱ्या बीआरटीओने पोर्टल दाब वाढून जलोदर व अन्ननलिकेतील शिरा बळावतात. जिल्ह्याच्या गावी रात्री यांपैकी काहीच हाताशी नसते, तिथे ग्लूच जीव वाचवतो.

यकृत प्रत्यारोपण शल्यचिकित्सक:
स्टोमाभोवतीच्या (शस्त्रक्रियेने पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाभोवतीच्या) शिरांना हा वाद लागू नाही. तिथे आधी बोटाने दाब द्यावा, प्रसंगी टाका घालावा. ड्युओडेनमबाबत मी रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांच्या बाजूने आहे. पोर्टल शिरेत गुठळी आहे का, हे ठाऊक नसताना टिप्सची शक्यता गृहीत धरणेही चूक आणि नाकारणेही चूक. ग्लू दिलेल्या रुग्णाला सीटी आणि प्रत्यारोपणाची चाचपणी न करता घरी पाठवू नये, मग त्यासाठी त्याला दुसऱ्या शहरात हलवावे लागले तरी चालेल.