व्हॅरम पर्सी प्लेगनं नाही, मेंढ्यांनी उठवलं

वाटसरू: इंग्लंडच्या यॉर्कशरमधलं व्हॅरम पर्सी हे गाव काळ्या साथीनं, म्हणजे प्लेगनं, एका फटक्यात संपलं, असं काल इथे कुणीतरी ठोकून दिलंय. साफ चूक. साथ १३४८-४९ची. १३६८ला तिथे तीसेक घरं नांदती होती, १४५८ला सोळा. शेवटची घरं पडली १५००च्या सुमारास, कारण लोकरीला भाव होता आणि जमीनदाराला नांगरटीपेक्षा कुरण परवडत होतं. इतिहासकार बेरेसफर्ड आणि पुरातत्त्वज्ञ हर्स्ट यांनी १९५० ते १९९० दर उन्हाळ्यात तिथे उत्खनन केलं, त्यावर तरी नजर टाका.

नांगरट: मीच लिहिलं होतं. माणसं मेली म्हणून मजूर महागले, मजूर महागले म्हणून शेती परवडेना. मेंढ्या नंतरच्या. मूळ कारण साथच.

कृष्णाकाठ: साथ, मेंढ्या, लोकर! माणसांना उठवलं कुणी ते बोला ना. आमचं गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलं. तेव्हाही असंच सांगत होते, काळाची गरज आहे म्हणून.

नांगरट: कोयना इथे कशाला? तिथे वीज झाली, मोबदला मिळाला. जमीनदाराच्या कुरणाशी त्याची तुलना होत नाही.

कृष्णाकाठ: मोबदला? आजी कचेरीचे उंबरे झिजवत गेली, पण पर्यायी जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव चढलं नाही. तुम्ही पुस्तकातून बोलताय, आम्ही ते भोगलंय.

वाटसरू: धागा व्हॅरमचा आहे हो.

कृष्णाकाठ: मग हेही व्हॅरमचंच. हुसकावलेल्यांचं पुढे काय झालं, यावर तुमच्या दोघांपैकी एकानं तरी ओळ लिहिली का?

लीड्सकर: कृष्णाकाठ यांचा मुद्दा उडवून लावू नका. १५१७ला राजाचा मंत्री कार्डिनल वूल्झीनं कुंपणं घालून शेती मोडणाऱ्यांची चौकशी लावली. त्यात व्हॅरमची चार घरं आणि चार नांगर गेल्याची नोंद आहे. तिथून कोण कुठे गेलं, ते नाही. मी तिथे जाऊन आलोय. गवताखाली घरांचे चौथरे अजून उंचवट्यांसारखे दिसतात. छप्पर नसलेलं सेंट मार्टिन चर्च उभं आहे. गाव उठल्यावरही जवळच्या थिक्सेंडेल गावचे लोक कित्येक पिढ्या त्याच चर्चमध्ये येत होते.

नांगरट: बरं, ‘एका फटक्यात’ एवढं सोडतो. पण साथीनं गाव आधीच पोखरलं नसतं, तर जमीनदाराची हिंमत झाली नसती.

वाटसरू: शेजारचं व्हॅरम-ल-स्ट्रीट आजही नांदतंय. तीच खडूची टेकडी, तीच साथ. ते का नाही उठलं, ते सांगा.